छोट्या पडद्यावरचा मोठा प्रश्न

(अकोला येथे पालक आणि कुटुंबप्रबोधनाचे काम करणारे कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून अनेकांच्या कपाळावर आठ्या उमटल्या असतील. मुलांची कार्टून आणि समलिंगी प्रेम या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध काय, आणि असलाच तर त्याची चर्चा अकोल्यात, अमरावतीत कशाला, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु प्रश्न आपण निमंत्रण दिले म्हणून येत नाहीत. घरातल्या दूरदर्शन संचावर किती वाजता काय दिसावे, हे पूर्वी वडीलधारे ठरवीत असत. आता सात वर्षांच्या मुलाच्या हातातल्या मोबाइलवर अमेरिका आणि जपान एकाच वेळी हजर असतात. उद्या अचलपूरच्या किंवा मूर्तिजापूरच्या एखाद्या घरातील मुलीने सहज विचारले, "आई, ह्या दोघी एकमेकींशी लगन काहून करून रायल्या?" तर आईने काय सांगावे? मोबाइल हिसकावून घ्यावा, धपाटा घालावा, की उत्तर द्यावे? या एका साध्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आपण येथे जमलो आहोत.

पडद्यावर नेमके काय आले?

प्रथम वस्तुस्थिती समजून घेऊ. ऐकीव माहितीवर संतापणे सोपे असते, त्यातून निष्पन्न मात्र काही होत नाही.

'द लेजंड ऑफ कोरा' ही निकलोडियनची मालिका डिसेंबर २०१४ मध्ये संपली. अखेरच्या दृश्यात कोरा आणि असामी या दोन नायिका हातात हात घालून निघून जातात. हे प्रेमच आहे, असे निर्मात्यांनी काही दिवसांनी लिहून स्पष्ट केले. जुलै २०१८ मध्ये कार्टून नेटवर्कच्या 'स्टीव्हन युनिव्हर्स' या मालिकेत रुबी आणि सफायर या स्त्रीरूपातील दोन पात्रांचे लग्न दाखवले गेले. रिबेका शुगर ही या मालिकेची निर्माती. मे २०१९ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक वाहिनीवर 'आर्थर' या जुन्या बालमालिकेतील शिक्षकाचा दुसऱ्या पुरुषाशी विवाह झाला. अलाबामा राज्याच्या सार्वजनिक वाहिनीने तो भाग दाखवण्यास नकार दिला. २०२० मध्ये नेटफ्लिक्सवरील 'शी-रा' आणि डिस्नेची 'द आउल हाउस' या मालिकांनी याच वाटेने पाऊल पुढे टाकले. २०२२ मध्ये 'लाइटइयर' या चित्रपटातील दोन स्त्रियांच्या क्षणभराच्या चुंबनामुळे अनेक आखाती देशांनी त्याला परवानगी नाकारली.

म्हणजे हा एखाददुसऱ्या मालिकेचा खोडसाळपणा नव्हे. तिकडच्या समाजात एक बदल झाला, कायदे बदलले आणि त्याचे प्रतिबिंब मुलांच्या करमणुकीत पडले. त्या मालिका आपल्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. पण आता आपल्याही घरात त्या सहज पाहता येतात. कोणती कथा आपल्या मुलांपर्यंत पोहोचावी, हे परदेशातील चित्रसंस्थेच्या बैठकीत ठरते आणि वऱ्हाडातल्या पालकाला त्यात कोणी विचारत नाही, ही तक्रार खोटी नाही. तिचा विचार पुढे करूच. त्याआधी एक नजर आपल्याच घराकडे टाकली पाहिजे.

आपल्या नजरेतून सुटलेले

'इतक्या लहान वयात मुलांना प्रेमप्रकरणे दाखवूच नयेत,' असे पालक म्हणतात. हे म्हणणे योग्यच आहे. परंतु हा नियम आपण कधी पाळला? 'डोरेमॉन'मधील नोबिता शिझुकाशी लग्न करण्याची स्वप्ने पाहतो, तेव्हा आपण मुलांच्या शेजारी बसून हसतो. 'शिनचॅन' हा पाच वर्षांचा मुलगा वाटेतल्या तरुणींच्या मागे लागतो. त्याच्या वात्रटपणामुळे २००८ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने त्या मालिकेवर बंदी घातली, पुढे काटछाट करून ती परत आली, आणि घरोघरी पुन्हा लाडकी झाली. हिंदी चित्रपटांतील गाण्यांवर सहा वर्षांच्या मुलींना स्नेहसंमेलनात नाचवणारे आणि त्याची चित्रफीत नातेवाइकांना पाठवणारे पालक आपल्यातलेच आहेत. मग मुलांना प्रणय दाखवू नये हा आपला सिद्धांत आहे, की केवळ एका प्रकारचा प्रणय दाखवू नये हा? पहिला सिद्धांत असेल तर तो सर्वांना सारखा लावावा लागेल.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. स्त्रीसारखा वागणारा पुरुष आपल्या मुलांनी पडद्यावर पहिल्यांदा पाहिला, तो कुठल्या परदेशी कार्टूनमध्ये नव्हे. तो त्यांनी हिंदी-मराठी विनोदी कार्यक्रमांत पाहिला. साडी नेसलेला, मान वेळावणारा, आवाज बारीक करून बोलणारा पुरुष आला की हशा पिकवायचा, हा आपल्या करमणुकीचा वर्षानुवर्षांचा ठरलेला नुस्खा. सहकुटुंब जेवताना आपण ते पाहिले आणि कधी कोणी वाहिनीला तक्रारीचे पत्र लिहिले नाही. त्याचे फळ शाळेच्या पटांगणात दिसते. नाजूक चालीचा, चित्रात किंवा गाण्यात रमणारा, कबड्डीत मागे राहणारा मुलगा दिसला की 'बायल्या' हा शब्द त्याच्या पाठीवर बसतो. तो शब्द मुलांना कोणत्या अमेरिकन मालिकेने शिकवला नाही. तो आपल्या बैठकीच्या खोलीतून गेला.

ज्याला चित्रण म्हणतात ते आपल्याकडे अशा रीतीने आधीपासूनच होते. ते कुचेष्टेचे होते, म्हणून आपल्याला खटकले नाही, एवढेच. जेव्हा अशा पात्राला प्रथमच सन्मानाने दाखवले गेले, तेव्हा मात्र संस्कृती धोक्यात आल्याचे आपल्या ध्यानात आले. या विसंगतीचे उत्तर आपल्याला द्यावेच लागेल.

लपवण्याचा प्रयोग

लपवून पाहू, असा उपाय अनेकांना सुचतो. हा प्रयोग एकदा झालेला आहे आणि त्याची हकिगत बोधप्रद आहे. नाओको ताकेउची या जपानी चित्रकर्तीच्या 'सेलर मून' या कथामालेत हारुका आणि मिचिरू या दोन मुलींची जोडी आहे. जपानमध्ये १९९० च्या दशकात ती जशी होती तशी दाखवली गेली. २००० साली ते भाग इंग्रजीत आणताना ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी संवाद बदलले आणि त्या दोघींना एकमेकींच्या चुलत-मावस बहिणी करून टाकले. संवाद बदलता आले, चित्रे मात्र तीच राहिली. तोच लाजरा कटाक्ष, तोच हातात हात. परिणामी पाहणाऱ्या मुलांना वाटू लागले की या बहिणींचे काहीतरी विचित्रच चालले आहे. एक गोष्ट झाकण्याच्या नादात त्याहून अनुचित सूचना मुलांच्या मनात रुजवली गेली. अखेर २०१४ पासून नव्याने ध्वनिमुद्रण होऊ लागले आणि त्यात मूळ नाते परत आले.

मुले भाबडी असतात, पण आंधळी नसतात. वडीलधारे काहीतरी लपवत आहेत हे त्यांना चटकन कळते. मग ती उत्तर शोधायला बाहेर जातात. आणि बाहेर, मोबाइलच्या त्या अथांग बाजारात, त्यांना काय मिळेल याची कल्पना येथे बसलेल्या प्रत्येकाला आहे. आईने दोन वाक्यांत दिलेले उत्तर आणि अनोळखी ठिकाणी मिळालेले उत्तर, यांपैकी कोणते सुरक्षित, हे वेगळे सांगायला नको.

याचा अर्थ काहीही, कोणत्याही वयात पाहू द्यावे असा नाही. १९९४ च्या केबल दूरचित्रवाणी नियमावलीत, मुलांच्या कार्यक्रमांत असभ्य भाषा आणि उघड हिंसेची दृश्ये नसावीत, तसेच सर्वाधिक मुले पाहत असतात त्या वेळी त्यांना अयोग्य कार्यक्रम दाखवू नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. फेब्रुवारी २०२१ च्या नव्या नियमांनी इंटरनेटवरून येणाऱ्या मालिकांनाही वयानुसार प्रतवारी बंधनकारक केली. सर्वांसाठी, सात वर्षांवरील, तेरावरील, सोळावरील आणि केवळ प्रौढांसाठी, अशा त्या पायऱ्या आहेत. तेरा वर्षांवरील आणि त्यापुढच्या गटातील कार्यक्रमांना पालकांना कुलूप लावता आले पाहिजे, असेही त्यात आहे. हे कुलूप आपल्यापैकी किती जणांनी लावले आहे? कायद्याने दिलेली किल्ली खिशात ठेवून दार उघडे असल्याची ओरड करण्यात अर्थ नाही. मात्र हे कुलूप वयाला अयोग्य अशा दृश्यांसाठी आहे. जगात अशी माणसे आहेत, एवढी माहिती काही अश्लील ठरत नाही.

ते मूल आपल्या घरातलेही असू शकते

येथे या विषयाचा गाभा येतो. आजवरची चर्चा 'आपली मुले' आणि 'तसले लोक' अशा दोन गटांत चालते. जणू ते लोक आकाशातून पडतात. ती माणसेही कोणाची तरी मुलेच असतात. अमरावतीच्या, अकोल्याच्या, दर्यापूरच्या, अकोटच्या घरांत ती जन्मतात, आपल्याच शाळांत शिकतात, आपल्याच शाखेच्या मैदानावर खेळतात. दहावी-बारावीनंतर पुण्याला, बंगळुरूला शिकायला जातात. मग वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी स्थळे पाहण्याचा विषय निघाला की फोनवर बोलणे टाळू लागतात. आईवडील म्हणतात, कामाचा ताण असेल. कामाचा ताण असतोच, पण आणखी एक ओझे त्या मुलाने शाळेपासून एकट्याने वाहिलेले असते, आणि ते कोणापाशी उतरवावे, हे घरात कोणी सांगितलेले नसते.

पडद्यावर पाहिल्याने मुले 'तशी' होतात, अशी भीती बोलून दाखवली जाते. थोडा विचार केला तर तिचा फोलपणा ध्यानात येतो. आज जे समलिंगी स्त्री-पुरुष पन्नाशीत आहेत, त्यांनी लहानपणी काय पाहिले? नायक-नायिकेचे प्रेम, त्यांची गाणी आणि शेवटी त्यांचे लग्न, याखेरीज त्यांच्या डोळ्यांसमोर दुसरे काही आलेच नाही. तरी ते जसे होते तसेच राहिले. हजारो चित्रपटांनी जे बदलले नाही, ते एका कार्टूनने बदलेल, असे मानणे तर्काला धरून नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळले. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हा मनोविकार नसल्याचे स्पष्ट केले. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अशा व्यक्तींना 'बदलण्याचे' उपचार करणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. तेव्हा मुलाला कुणा वैदू-बाबाकडे नेऊन अंगारे-धुपारे करणाऱ्यांनी, किंवा 'लग्न करून दिले की ठीक होईल' म्हणून दुसऱ्या घरच्या मुलीचे आयुष्य पणाला लावणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावे. त्या मुलीचा काय अपराध?

न्यायालयांची भूमिकाही सर्वांना परिचित आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने अशा विवाहाला मूलभूत हक्क मानण्यास नकार दिला आणि तो विषय संसदेच्या अधिकारातला असल्याचे म्हटले. विवाहसंस्थेबद्दल समाजात मतभेद आहेत, ते राहतील, आणि त्यांची चर्चा लोकशाही मार्गाने होईल. परंतु विवाहाच्या कायद्याविषयीचे मत आणि शाळेतल्या मुलाला 'बायल्या' म्हणण्याची मुभा, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्याविषयी सज्जनांत मतभेद असू शकतात, दुसऱ्याविषयी असू नयेत.

या संदर्भात जानेवारी २०२३ मध्ये सरसंघचालक मोहनजी भागवत यांनी 'ऑर्गनायझर' आणि 'पांचजन्य' या साप्ताहिकांना दिलेली मुलाखत अनेकांनी वाचली असेल. १९७७ मध्ये मोहनजी याच अकोल्यात प्रचारक होते. पशुवैद्यक शास्त्राचे पदवीधर असल्याने या प्रवृत्ती प्राण्यांतही आढळतात हे आपल्याला ठाऊक असल्याचे त्यांनी त्या मुलाखतीत सांगितले. अशी माणसे मानवजातीइतकीच जुनी आहेत, त्यांनाही जगण्याचा हक्क आहे, त्यांचे खासगी अवकाश त्यांना असावे आणि आपणही समाजाचाच भाग आहोत असे त्यांना वाटावे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. जरासंधाच्या हंस आणि डिंभक या दोन सेनापतींचा दाखलाही त्यांनी दिला. वऱ्हाडातल्या कार्यकर्त्याने यावरून एवढे तरी घ्यावे की हा विषय उच्चारताच तोंड फिरवणे आवश्यक नाही.

मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांचे उदाहरण तर प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावे. २०२१ मध्ये दोन तरुणींचे प्रकरण त्यांच्यासमोर आले. या विषयाची आपल्याला पुरेशी जाण नाही, असे त्यांना वाटले. निवाडा देण्यापूर्वी ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञाकडे गेले, समजून घेतले, आणि ही गोष्ट निकालपत्रातही मोकळेपणाने नमूद केली. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला 'मला हे ठाऊक नव्हते, मी शिकलो' असे म्हणण्यात कमीपणा वाटला नाही. मग तो आपल्याला का वाटावा?

हे सारे परदेशातून आले?

हे सगळे पाश्चात्त्य खूळ आहे, असा आक्षेप नेहमी येतो. शब्द तिकडचे असतील, माणसे मात्र इथलीच आहेत. पुराव्यासाठी दूर जायला नको. चिखलदऱ्याला आपण सर्वजण सहलीला जातो. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत फेकले ती ही कीचकदरी आणि तिच्यावरूनच चिखलदरा हे नाव पडले, अशी लोकश्रुती आहे. जवळच वैराट आहे, तीच विराटाची नगरी, असे मेळघाटात सांगतात. देशात इतरही स्थळे हा मान सांगतात. पण वऱ्हाडाने ही कथा आपली मानली आहे, हे महत्त्वाचे.

विराटाच्या त्या नगरीत अर्जुन कोणत्या रूपाने राहिला? बृहन्नडेच्या. हातात कंकणे, पाठीवर वेणी, आणि राजकन्या उत्तरेला नृत्यगायन शिकवण्याचे काम. कौरवांनी गाई पळवल्या तेव्हा राजपुत्र उत्तराचे सारथ्य करायला तीच निघाली. निघताना अंतःपुरातल्या मुलींनी सांगितले, कौरव वीरांची तलम वस्त्रे आमच्या बाहुल्यांसाठी आण. कौरवसेना पाहताच उत्तर रथातून उडी टाकून पळाला. त्याला धरायला वेणी आणि वस्त्रे उडवीत बृहन्नडा धावली, तेव्हा कौरवांचे सैनिक हसले. त्यांच्यातल्या जाणत्यांनी मात्र त्या चालीत आणि त्या बाहूंत अर्जुन ओळखला. पुढे काय झाले ते आपण जाणतो. गाई परत आल्या आणि बाहुल्यांसाठी वस्त्रेही आली.

या कथेचा पुढचा भाग मुलांना सहसा सांगितला जात नाही. विजयाची वार्ता येताच विराट राजा मुलाचे गोडवे गाऊ लागला. कंकाच्या वेषातील युधिष्ठिर म्हणाला, बृहन्नडा सारथी असल्यावर विजय होणारच. राजा भडकला. माझ्या मुलाच्या बरोबरीने त्या षंढाचे नाव घेतोस? त्याने हातातला फासा युधिष्ठिराच्या तोंडावर मारला. नाकातून रक्त आले. ते भूमीवर पडू नये म्हणून द्रौपदीने पात्र पुढे धरले. ज्याने राज्य वाचवले त्याचे श्रेय केवळ त्याच्या वेषामुळे नाकारणारा राजा, आणि खरे बोलल्याबद्दल रक्त सांडणारा धर्मराज. महाभारतकारांनी कोणाची बाजू घेतली, हे सांगायला भाष्यकार नको. विराटाला शेवटी खजील व्हावे लागले.

दुसरे उदाहरण अवघ्या शंभर वर्षांपूर्वीचे. अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार तालुक्यात माधान हे गाव आहे. प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज तिथले. १८८१ साली जन्म, बालपणीच दृष्टी गेलेली, आणि अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभरहून अधिक लहानमोठ्या ग्रंथांची रचना. महाराज स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत आणि श्रीकृष्णाला पती मानीत. गोपीभावाने त्यांनी कुंकू लावले, मंगळसूत्र घातले, वेणी धारण केली. ते गृहस्थाश्रमीही होते. महाराजांची मधुराभक्ती ही आजच्या शब्दांत कोंबण्याची गोष्ट नाही. तसे करणे त्यांच्यावर अन्याय करणे होईल आणि आजच्या मुलांवरही. बृहन्नडा म्हणजे समलिंगी प्रेम नव्हे आणि गोपीभाव म्हणजेही नव्हे. येथे मुद्दा समाजाच्या नजरेचा आहे. मंगळसूत्र घातलेल्या एका पुरुषासमोर वऱ्हाडातील शेतकरी आणि शास्त्री नतमस्तक झाले. वेषाच्या पलीकडे पाहण्याची दृष्टी त्या समाजाला होती. टीव्हीसमोर बसून साडीतल्या पुरुषाला हसणाऱ्या आपल्याला ती आहे का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

घराने काय करावे?

आता प्रत्यक्ष व्यवहाराचे बोलू. संत गाडगेबाबांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा, आणि बालपण याच अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे गेले. बाबांच्या कीर्तनाची रीत आपण जाणतो. ते उपदेशाचा मारा करीत नसत. समोरच्याला प्रश्न विचारीत आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढीत. मुलाने पडद्यावरचे काही पाहून विचारले तर आधी गाडगेबाबांची रीत वापरावी. "तुला काय वाटले?" मूल काय समजले आहे, हे त्याच्या उत्तरातून कळते. पुष्कळदा त्याचा प्रश्न फार लहान असतो, आणि मोठ्यांची भीती फार मोठी असते.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला एवढे पुरते की जगात नाना परींची माणसे असतात, त्या दोघींचे एकमेकींवर प्रेम आहे आणि कोणाला हसायचे नसते. याउप्पर त्याला काही नको असते, ते पुन्हा खेळायला पळते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला सांगावे की बहुतेक स्त्री-पुरुष एकमेकांशी लग्न करतात, काहींचा ओढा मात्र निराळा असतो. तो त्यांनी निवडलेला नसतो, आणि शाळेत कोणाला त्यावरून चिडवले जात असेल तर तू चिडवणाऱ्यांत नसावेस. चौदा-पंधराच्या वयात शरीर-मनाची माहिती, मर्यादा, संमती आणि जबाबदारी यांविषयी मोकळे बोलावे. आणि त्याच वेळी, कोणताही संशय न दाखवता, एक वाक्य कानावर घालून ठेवावे, "तुझ्या मनात काहीही असो, या घराला ते सांगता येते." ज्या मुलाला त्याची गरज नाही त्याचे यात काही बिघडत नाही. ज्याला गरज आहे त्याचा जीव त्या एका वाक्यावर तरू शकतो.

घरातली भाषा सुधारावी. विनोदी कार्यक्रमात कोणाच्या चालण्याबोलण्याची टवाळी सुरू झाली तर घरच्या कर्त्याने तरी हसू नये. मुले आपल्या प्रवचनापेक्षा आपले हसणे अधिक बारकाईने पाहतात. शिक्षकांनी वर्गातील 'बायल्या' हा शब्द शिवीसारखाच मानावा आणि तसाच थांबवावा.

आणि ज्यांना परदेशी कथांचे अतिक्रमण खरोखर सलते, त्यांच्यापुढे एक मोठे काम पडलेले आहे. तक्रारीने पोकळी भरत नाही, कथेने भरते. आपल्या मातीतल्या पोरांना कळेल अशा मराठीत, वऱ्हाडीच्या गोडव्यासह, विराटपर्व संपूर्ण सांगणारी कार्टून मालिका कोणी का करू नये? वैराटच्या डोंगरावर उगवणारा सूर्य, बाहुल्यांची वस्त्रे मागणाऱ्या खट्याळ मुली, वेणी उडवीत धावणारी बृहन्नडा, आणि फाशाच्या माराने रक्ताळलेला, पण शब्द मागे न घेणारा धर्मराज. फाशाचा प्रसंग गाळून नव्हे, तो ठळक करून. ते पाहणाऱ्या मुलाला कोणी निराळे सांगावे लागणार नाही की माणूस त्याच्या वेषावरून, चालीवरून जोखायचा नसतो.

कुटुंब ही आपल्या समाजाची शक्ती आहे, असे आपण अभिमानाने म्हणतो. शक्तीची परीक्षा सोप्या प्रसंगी होत नाही. जे मूल आपल्या अपेक्षेप्रमाणे वाढले त्याला पोटाशी धरायला कुटुंब कशाला हवे, ते तर शेजारीही करतील. जे मूल अपेक्षेहून निराळे निघाले, त्याच्यासाठी ज्या घराचे दार रात्री बारा वाजताही उघडते, ते कुटुंब. अकोल्या-अमरावतीतील प्रत्येक दार तसे उघडावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करून हे विवेचन येथे पूर्ण होते.